कडी लाव गं

४ सप्टेंबर

ताई,

तू बरी असशील असं धरून चालते. तुझा फोन वाजतो आणि थांबतो. पत्राला वाजावं लागत नाही, म्हणून पत्र. पत्ता आईकडून घेतला. तिने तो दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा घराचा नंबर वेगळा निघाला. मी पाकिटावर दोन्ही लिहिले आहेत. पोस्टमनला काय ते ठरवू दे.

लिहिण्याचं कारण एवढंच, की तुझे आतले हातमोजे, कीपिंगच्या ग्लोव्ह्जच्या आत घालतेस ते सुती, माझ्या किटमध्ये आले आहेत. निवड चाचणीला आपण एकच पिशवी नेली होती, त्यामुळे झालं असावं. उजव्याच्या करंगळीची शिवण उसवली आहे. परत पाठवू की ठेवू ते कळव.

बाकी इकडचं सांगते. चाचणीतून संघात घेतलं म्हणजे नोकरी लागली, असं आपल्या क्लबात सगळे समजतात. तसं नाही. आम्हाला फक्त या हंगामापुरतं घेतलं आहे. हंगाम संपला की बाई, म्हणजे आमच्या कोच, करार कुणाकुणाशी करायचा त्याची यादी लावतील. यादीत नाव आलं तर खेळणं हाच धंदा. नाही आलं तर मी परत प्रयोगशाळेत, वजनं आणि मोजपट्ट्या तपासायला. साहेबांनी बिनपगारी रजा दिली, पण टोमणा मारल्याशिवाय नाही. ‘मोजमापवाल्यांनी खेळू नये,’ म्हणाले. ‘हरल्यावर बहाणा करता येत नाही.’

खोली एका लाँड्रीच्या वर आहे. मोठी यंत्रं फिरायला लागली की जमीन थरथरते. पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठतात, त्यावरून मला खाली कुठलं यंत्र चालू आहे ते आता ओळखता येतं. खोली दोघींची आहे. दुसरी मुलगी मध्यमगती गोलंदाज होती. पहिल्याच आठवड्यात तिची पाठ धरली आणि तिला घरी पाठवलं. तिच्या खाटेवर मी किट ठेवते.

चाचणीच्या दिवशीचं मी काही लिहिणार नाही, असं ठरवून बसले होते. पण एक गोष्ट तुला माहीत असावी. टोपीवाल्या निवडकर्त्याच्या टेबलामागे पाण्याचा पिंप होता आणि मी तिथे बाटली भरत होते. तू त्यांना म्हणालीस, ‘माझ्याशिवाय हिला टाकता येत नाही.’ मी ऐकलं. आपल्याला दोघींना एकदम घ्यावं म्हणून तू म्हणालीस, हे मला कळतं. त्यांनी मला एकटीलाच घेतलं. तू बसने आधी निघून गेलीस आणि मग घरातूनही गेलीस.

मी भांडत नाही. वाक्य तपासून बघायचं आहे, एवढंच. त्याला एक हंगाम मिळाला आहे.

हातमोज्यांचं कळव.

— मी


२१ सप्टेंबर

ताई,

उत्तर नाही. हातमोजे तोवर माझ्याकडे राहतील.

दोन सामने झाले. विकेट एकही नाही. धावा फार दिल्या नाहीत, पण डावखुऱ्या फिरकीवालीला धावा अडवायला कुणी ठेवत नाही.

क्लबात आणि इथे काय फरक आहे ते तुला उपयोगी पडेल असं नाही, पण मला कुणाला तरी सांगायचं आहे आणि आईला ‘जेवलीस का’ याच्यापलीकडे रस नाही. क्लबात आपण चेंडू दिसेनासा होईपर्यंत टाकायचो. इथे दिवसाला किती चेंडू टाकायचे ते ठरलेलं. जास्त टाकला तर फिजिओ ओरडतो. आम्ही त्याला हाडवैद्य म्हणतो. तो म्हणतो, ‘खांदा तुझ्या बापाचा नाही, क्लबाचा आहे.’ प्रत्येक चेंडूचं चित्रीकरण होतं. एक मुलगा तिपाईवर कॅमेरा लावून माझ्या हाताच्या मागे उभा असतो. संध्याकाळी तो मला माझंच मनगट दाखवतो. स्वतःचं मनगट इतक्या वेळा बघितल्यावर ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटायला लागतं.

आमच्या कीपरला सगळ्या रेडिओ म्हणतात. कारण ती बंद होत नाही. स्टंपांच्या मागून अखंड चालू असते. ‘चला चला, छान छान, हिला बाहेरचा आवडत नाही, काल रात्री झोप नाही झाली वाटतं हिची, चला गं, अरे वा, अगदी नाकासमोर टाकलास.’ समोरच्या बॅट्समनला वैताग येतो, हे खरं. पण मलाही काही ऐकू येत नाही. म्हणजे ऐकू सगळं येतं, त्यातलं घ्यायचं काय ते कळत नाही.

बाईंनी सामन्यानंतर बाजूला घेतलं. त्या कमी बोलतात. ‘तू टाकण्याआधी कीपरकडे बघतेस,’ म्हणाल्या.

‘हो.’

‘आणि मग तोंड पडतं तुझं. कुणाला शोधतेस तिथे?’

मी म्हटलं, कुणाला नाही. सवय आहे.

‘सवय बदल नाहीतर कीपर बदलून मिळेल असं समज आणि बघत बस,’ म्हणाल्या आणि गेल्या. यातला कुठला अर्धा भाग गमतीचा होता ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एकटं वगैरे वाटत नाही. आईने विचारलं होतं म्हणून तुलाही सांगून ठेवते. बाकीच्या मुली सुट्टीला घरी जातात, कारण त्यांची गावं जवळ आहेत. सुट्टीच्या दिवशी लाँड्री बंद असते. पाणी एकदम स्थिर असतं.

— मी


१३ ऑक्टोबर

ताई,

या वेळी एक परवानगी हवी आहे. त्याआधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

काल सराव संपल्यावर रेडिओ माझ्याजवळ येऊन बसली. ग्लोव्ह्ज काढून बोटं मोडत म्हणाली, ‘ए मिलिमीटर, तुझ्या क्लबातली एक मुलगी मला भेटली होती. ती म्हणाली, तुझी बहीण मागून सारखं ‘कडी लाव गं, कडी लाव’ ओरडायची आणि त्यानंतर कुणीतरी स्टंप व्हायचं. जादूटोणा काय?’

(मिलिमीटर हे नाव इथेही पोचलं. तू ठेवलेलं नाव माझ्या आधी बसमध्ये चढतं.)

मी म्हटलं, ‘आमच्या न्हाणीघराची कडी नीट लागत नसे. मी नेहमी विसरायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची. ताई तेच मैदानावर ओरडायची, मला चिडवायला.’

हे सगळं खरं आहे. पण अर्धंच आहे. बाकीचं अर्धं मी तिला सांगितलं नाही. सगळ्यांना वाटायचं की तू म्हणते आहेस, धावा आटव, घट्ट टाक. एकदा अंपायरसुद्धा मला म्हणाले होते, ‘ऐक बाई बहिणीचं, गळती लागली आहे.’ तुला फक्त बॅट्समनची मागची टाच दिसायची. टाच सैल झाली की ती या चेंडूला पुढे धावणार. मग तुझी हाक यायची, आणि मी चेंडू थोडा हळू, थोडा बाहेर, तिच्या बॅटच्या आवाक्यापलीकडे टाकायचे. ती दारातून बाहेर पडायची आणि तू मागून दार लावायचीस. आपण दोघींनी हे कधी बसून ठरवलं नव्हतं. एकदा झालं आणि मग होत राहिलं.

माझ्या चेंडूंत बिघाड नाही. मी तपासलं आहे. टप्पा तोच, वळण तेच. फक्त टाच मला दिसत नाही. चेंडू टाकणारीला ती दिसत नसतेच. ती मागून कुणीतरी सांगावी लागते. तर तुझं वाक्य शब्दशः बरोबर ठरेल असं दिसतं. पण मी त्यात एक शब्द बदलून बघणार आहे. ‘माझ्याशिवाय’च्या जागी ‘कीपरशिवाय’.

त्यासाठी तो शब्द रेडिओला द्यावा लागेल. शब्द अर्धा तुझा आहे. तुझी हरकत असेल तर महिनाअखेरपर्यंत कळव. कळवलं नाहीस तर हरकत नाही असं मी समजेन.

आणखी एक. कॅमेरावाल्या मुलाने एक दिवस समोरून चित्रीकरण केलं, तेव्हा त्याला सापडलं, की सरळ जाणारा चेंडू टाकण्याआधी मी खालचा ओठ आत घेते. वळणारा असेल तर नाही. तुला हे माहीत होतं ना? तू सरळ चेंडूला कधी चुकायची नाहीस. मला वाटायचं, तुला मनगट वाचता येतं. ओठ वाचत होतीस. सांगितलं असतंस तर मी तो सोडला असता, आणि मग तुला कळलं नसतं. म्हणून सांगितलं नाहीस, असा माझा अंदाज आहे.

— मी


१९ नोव्हेंबर

ताई,

महिना संपला. शब्द दिला.

रेडिओला टाचेचं सगळं समजावलं. तिने पहिल्यांदा मधे न बोलता ऐकलं. मग म्हणाली, ‘एवढंच? मला वाटलं मंत्र आहे.’ मग थोड्या वेळाने, स्वतःच, ‘नाही गं, एवढंच नाही. मला रोज टाचा बघाव्या लागतील.’ तिला मी कमी लेखलं होतं. ती तेव्हापासून वेगवेगळ्या बॅट्समनच्या टाचा बघते, जेवणाच्या रांगेतसुद्धा. ‘ही आता पोळीवर झडप घालणार’ म्हणते आणि बहुधा बरोबर असते.

पुढच्या सामन्यात तिच्या बडबडीतून तो शब्द आला. ‘छान छान, चला, ऊन उतरलं, कडी लाव गं, चला चला.’ तिचा आवाज चिरका आहे. शब्द चुकीच्या तोंडातून आला, तरी हाताने बरोबर ऐकलं. हळू, बाहेर. समोरची धावत आली, चेंडू तिला ओलांडून गेला आणि रेडिओने स्टंप उडवले. सगळ्या तिच्याकडे धावल्या. मीही धावले. पोचेपर्यंत घोळका झाला होता आणि मी बाहेरच्या बाजूने कुणाच्या तरी पाठीवर थाप मारली.

त्यानंतर दोन सामन्यांत अशा आणखी विकेट मिळाल्या. मला आता डावाच्या मध्यावर चेंडू देतात, शेपूट उरल्यावर नाही. कॅप्टन म्हणाली, यादीतल्या शेवटच्या दोन जागांसाठी तिघींची नावं चालू आहेत आणि त्यात मी आहे.

मी आनंदात असायला हवं. बहुतेक आहे. पण सामना संपल्यावर तो शब्द डोक्यात आणून बघितला, तर तुझ्या आवाजात येईना. रेडिओच्या आवाजात येत होता. प्रयोगशाळेत जी मूळ मोजपट्टी असते, जिच्याशी बाकी सगळ्या ताडून बघायच्या, ती आम्ही रोज वापरत नाही. कपाटात ठेवतो. वापरली की झिजते. एवढं माहीत असून मी ती बाहेर काढली.

ओठाचं सोडवलं. आरशासमोर उभं राहून टाकायचे. पण एक गेलं आणि दुसरं आलं. आता सरळ चेंडूच्या आधी मी डावी बाही कोपराच्या वर सरकवते. मला स्वतःला परवा कळलं. रेडिओला दिसत नाही, कारण ती टाचा बघते. कॅमेरावाल्यालाही नाही, कारण चालायला लागल्यावरच तो कॅमेरा सुरू करतो. हंगाम संपेपर्यंत मोडायला वेळ नाही, म्हणून कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे, कारण तू सांगत नाहीस.

आणि हे: शेवटचा सामना तुझ्या गावात आहे. तिथल्या नव्या संघाशी, ६ डिसेंबरला. आई म्हणते तू एका शाळेच्या ऑफिसात काम करतेस आणि सुट्टीच्या दिवशी घरी असतेस. मैदानाला तिकीट नाही. फाटक उत्तरेला आहे.

— मी


२८ नोव्हेंबर

ताई,

हे छोटं पत्र. तू येणार नसशील तरी चालेल, हे लिहायचं राहिलं होतं.

आणि येणार असशील तर कीपरच्या मागच्या बाजूला बसू नकोस. माझं लक्ष जाईल.

— मी


८ डिसेंबर

ताई,

तू आली नाहीस. मी दोन्ही बाजूंना बघितलं, आधी उत्तरेच्या फाटकाला आणि मग, जिथे बसू नकोस म्हटलं होतं, तिथे. नंतर बघायचं थांबवलं.

आता काय झालं ते मी लिहिते, जरी मला आता शंका आहे की तुला ते माझ्याआधी कळलं असेल.

त्यांची ती उंच मुलगी. पहिल्या क्रमांकावर येते, उजव्या हाताने खेळते, आणि हेल्मेटच्या जाळीतून सारखी हसत असते. मी चेंडू घेतला तेव्हा ती जमली होती. पहिलीच ओव्हर, मी चालायला सुरुवात केली आणि रेडिओची हाक आली: ‘चला चला, कडी लाव गं.’ मी हळू टाकला, बाहेर टाकला. ती पुढे आलीच नाही. टाच तिने मुद्दाम उचलली होती. मागे सरकून उभी राहिली, चेंडूची वाट बघितली आणि कापून चौकार मारला. अगदी सावकाश. मग वळून रेडिओला म्हणाली, ‘लावली की. पण जरा सैल बसते.’

रेडिओ गप्प झाली. मी तिला गप्प झालेली पहिल्यांदा बघितली.

मला वाटलं, योगायोग. पुढच्या ओव्हरला पुन्हा तेच. पुन्हा टाच, पुन्हा हाक, पुन्हा चौकार. या शब्दाचा खरा अर्थ जगात तिघींना माहीत होता. मी, रेडिओ आणि तू.

मी ओव्हर संपल्यावर तिच्या शेजारून गेले. विचारायचं नव्हतं. तोंडातून गेलं. ‘कुणी सांगितलं?’

‘ताईंनी,’ म्हणाली. ‘आमच्या कीपिंगच्या ताई. आमच्या सगळ्या कीपरना तोच शब्द शिकवलाय. आम्हाला ऐकून ऐकून पाठ झालाय.’

तिने तुला ताई म्हटलं.

मी तिथे उभी राहिले, आणि मला वाटतं अंपायरने दोनदा हाक मारली. मी तो शब्द महिनाअखेरपर्यंत तुझी परवानगी मागत हातात धरून बसले होते. रेडिओला दिला तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटलं. आणि तू तो सगळ्या गावाला वाटलास. शाळेच्या ऑफिसात काम करतेस म्हणे. आईला तेवढंच सांगितलंस, किंवा आईने मला तेवढंच सांगितलं. तू ग्लोव्ह्ज टाकले नव्हतेस. फक्त माझ्यामागे उभं राहायचं टाकलं होतंस.

मला राग आला. राग आला की मी सरळ चेंडू टाकते, हे तुला माहीत आहे. टाकला. तिने मधल्या स्टंपासमोरून उचलून मारला. वळेल का, हा प्रश्नच तिला पडला नाही. पुन्हा एक सरळ टाकला. पुन्हा तसाच. चेंडू हातातून सुटायच्या आधीच तिचा पाय पडलेला होता.

कॅप्टन आली. ‘काय चाललंय? वाचतेय ती तुला.’

मी म्हटलं, ‘हो.’ आणि मग मी माझ्या हाताकडे बघितलं. बाही कोपराच्या वर होती.

ताई, हे कुणालाच माहीत नव्हतं. रेडिओला नाही, कॅमेऱ्याला नाही, बाईंना नाही. मी ते फक्त एका ठिकाणी लिहिलं होतं.

म्हणजे तू पत्रं वाचतेस.

मी किती वेळ हसले ते मला माहीत नाही. कॅप्टनला वाटलं, ऊन लागलं. मी म्हटलं, ‘एक ओव्हर दे. एकच.’ ती म्हणाली, ‘बाई माझी चामडी सोलतील.’ मी म्हटलं, ‘यादीच्या तिघींतली एक गळेल, तुला काम कमी.’ तिने चेंडू माझ्या हातात आपटला.

मी रेडिओला खेळपट्टीच्या मधे बोलावलं. ‘शब्द मेला,’ म्हटलं.

‘आत्ता? आणि मी काय ओरडू?’

मी तिला एक शब्द सांगितला. पहिला डोक्यात आला तो. ती इतकी हसली की तिने ग्लोव्हमध्ये तोंड लपवलं. ‘हा? भर मैदानात? लोक काय म्हणतील!’

‘म्हणू देत.’

‘आणि टाच तर ती फसवायला उचलते.’

‘उचलू दे. तू टाच बघू नकोस. माझी बाही बघ.’

एक चेंडू मी साधा टाकला. दुसराही. मग तिसऱ्याच्या आधी मी उभी राहिले, आणि सगळ्यांना दिसेल अशी, सावकाश, डावी बाही कोपराच्या वर सरकवली. उंच मुलगी जाळीतून हसली. मागून रेडिओने नवा शब्द ओरडला आणि स्लिपमधली मुलगी फिसकन हसली. मी वळणारा टाकला. जितका वळवता येतो तितका. ती सरळ चेंडूच्या रेषेत पुढे धावत आली, बॅट खाली आणली, आणि तिथे काही नव्हतं. रेडिओने स्टंप उडवले, आणि अपील करायच्या आधी स्वतःच पाय घसरून पडली.

घोळका या वेळी माझ्याकडे आला. मला त्याची सवय नाही. कुणीतरी माझी टोपी उडवली.

सामना आम्ही हरलो. तिने तोवर पुरेशा धावा केल्या होत्या, त्यात माझ्या चेंडूंवरच्या किती आहेत ते मी लिहीत नाही.

नंतर हात मिळवायच्या रांगेत ती माझ्यासमोर थांबली. हेल्मेटशिवाय ती फार लहान दिसते. म्हणाली, ‘ताईंनी निरोप दिलाय. पण म्हणाल्या होत्या, तिने तुला बाद केलं तरच सांगायचा. नाहीतर नाही.’

‘काय?’

‘‘टाकता येतं.’ एवढंच. मी विचारलं, पुढे काय? म्हणाल्या, तिला कळेल.’ मग माझ्याकडे बघून, ‘कळलं का?’

मी म्हटलं, ‘हो.’

‘त्या सामन्याला कधीच येत नाहीत,’ ती म्हणाली. ‘फक्त सरावाला. म्हणतात, सामना चालू असताना मागे नुसतं उभं राहता येत नाही.’

परतीच्या बसमध्ये रेडिओ माझ्या शेजारी येऊन बसली. किट मांडीवर घ्यावं लागलं. तिने सगळा प्रवासभर बडबड केली आणि मी त्यातलं काही निवडलं नाही.

— मी


१९ डिसेंबर

ताई,

यादी काल लागली. बाईंच्या केबिनबाहेरच्या काचेवर, चिकटपट्टीने, थोडी तिरकी. मी आधी तिचा तिरकेपणा बघितला, मग वाचली. खालून दुसरं नाव माझं आहे. रेडिओचं वरून तिसरं.

बाईंनी आत बोलावलं. ‘त्या उंच पोरीने तुला एवढं झोडल्यावर तू परत चेंडू मागितलास,’ म्हणाल्या. ‘विकेट बघून नाही घेतलं. ते बघून घेतलं.’ मग चष्म्यावरून बघत, ‘कीपरकडे आता बघत नाहीस टाकण्याआधी.’

मी म्हटलं, सवय बदलली.

‘बदलली की सुटली?’

त्यांनी कागद पुढे सरकवला. मी सही केली. साहेबांना फोन केला, रजा संपवून नोकरी सोडते म्हणून. ते म्हणाले, ‘तुझी मोजपट्टी कुणाला देऊ?’ मी म्हटलं, कुणालाही, पण आधी तपासून द्या.

आईला सांगितलं. तिने विचारलं, ‘म्हणजे आता तुम्ही दोघी क्रिकेटच खेळणार?’ मी म्हटलं, ‘दोघी?’ त्यावर ती म्हणाली, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. तिला सगळं माहीत होतं. आपलं घर असंच आहे. कडी सगळ्यांनीच आतून लावलेली.

मी याच खोलीत राहणार आहे. पुढच्या महिन्यात दुसऱ्या खाटेवर कुणीतरी नवी येईल म्हणतात. तिचं किट ठेवायला मी भिंतीला खुंट्या मारल्या. आज लाँड्री बंद आहे. पेला समोर आहे. पत्र लिहिताना टेबल हलतं, त्यामुळे पाण्यावर बारीक वर्तुळं उठताहेत.

यासोबत तुझे आतले हातमोजे पाठवते. पहिल्या पत्रात विचारलं होतं, परत पाठवू की ठेवू, तेव्हा मला वाटत होतं तुला ते लागणार नाहीत. करंगळीची शिवण मी पुन्हा घातली आहे. टाके तुझ्याइतके सरळ नाहीत, पण सारख्या अंतरावर आहेत.

त्या उंच मुलीला सांग, ती पुढे येताना डोकं आधी नेते आणि पाय मागून. पुढच्या हंगामात आमची तुमच्याशी दोनदा गाठ आहे आणि तिने ते सुधारलेलं नसेल तर मला बरं पडेल. तुला मी सांगते आहे, म्हणजे तू सुधारून घेशीलच. घे.

मी आता अर्ध्या बाहीचे शर्ट घेतले आहेत.

आणि तो नवा शब्द. तुला तो जाणून घ्यायचा असणार. रेडिओ अजून तो म्हणताना हसते, आणि तुला तर तो ऐकून ठसकाच लागला असता. आपल्याच घरातला आहे, एवढं सांगते. आई तो रोज म्हणते.

पण तो मी तुला लिहिणार नाही. या पत्रात नाही आणि पुढच्या कुठल्याही पत्रात नाही. तू आता त्यांच्या बाजूला आहेस. तो ऐकायचा असेल तर तुला सामन्याला यावं लागेल.

— मिलिमीटर